डेल्फ्टला शिकायला येताय? पहिल्या काही महिन्यांची कामं, क्रमाने

दर ऑगस्टमध्ये पुणे, मुंबई, नाशिक, सांगलीकडची बरीच मुलं-मुली डेल्फ्टला उतरतात. नेदरलँड्समधल्या हेग आणि रॉटरडॅम या शहरांच्या मधलं हे कालव्यांचं गाव आहे. १८४२ साली स्थापन झालेलं इथलं तंत्रविद्यापीठ, म्हणजे टीयू डेल्फ्ट, हे बहुतेकांच्या येण्याचं कारण. मीही तशीच मास्टर्ससाठी आले, आणि तेव्हापासून नव्याने येणाऱ्यांचे फोन घेते. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

इथलं एकेक काम घेतलं तर अवघड काही नाही. पण सगळी कामं एकमेकांत अडकलेली आहेत. कायदेशीर पत्ता नसेल तर नगरपालिकेत नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर बीएसएन हा नऊ आकडी नागरिक क्रमांक मिळत नाही. तो नसेल तर सरकारी कामांचं ऑनलाइन खातं उघडत नाही, पगार घेता येत नाही, बँकेतही खोळंबा होतो. म्हणून क्रम पाळा. पहिल्या महिन्यातली बहुतेक धावपळ तेवढ्याने वाचते.

घर सोडण्यापूर्वी: जन्मदाखला

व्हिसाचं आणि निवास परवान्याचं मुख्य काम विद्यापीठच करतं. तुमच्या वतीने ते इथल्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे आयएनडीकडे अर्ज करतं. मंजुरी आली की पासपोर्टवर एमव्हीव्हीचा, म्हणजे इथे प्रवेश करण्याच्या व्हिसाचा, शिक्का घ्यायचा. तो ९० दिवस चालतो, तेवढ्यात तुम्ही इथे पोहोचायचं. विद्यापीठाकडून वेळेवर मेल येतात, ते वाचत राहिलात की हे मार्गी लागतं.

अडतं ते जन्मदाखल्यापाशी. नगरपालिकेत नोंदणी करताना अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, केलेला मूळ जन्मदाखला मागतात. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांत दोन गोष्टी हमखास निघतात. एक तर दाखला हाताने लिहिलेला आणि फक्त मराठीत असतो. दुसरं म्हणजे त्यावर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. असं असेल तर प्रवेशाचं पत्र हातात पडताच जन्माची नोंद जिथे झाली त्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा, नाव नोंदवून घ्या आणि इंग्रजी-मराठी छापील दाखला काढा. मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. यात काही आठवडे सहज जातात. जूनमध्ये सुरुवात करणाऱ्यांची फार ओढाताण होते, एप्रिलमध्ये करणारे निवांत असतात.

आणखी एक. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. इथे ती दोन्ही तुमचीच नावं म्हणून नोंदली जातात. घाबरू नका, फक्त सगळ्या कागदांवर नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टसारखंच राहू द्या.

निघण्याआधी दात तपासून घ्या. इथल्या मूळ आरोग्य विम्यात मोठ्या माणसांच्या दातांचा खर्च येत नाही, आणि तो जड असतो. चष्म्याची एक जादा जोडी ठेवा. रोजची औषधं असतील तर इंग्रजी चिठ्ठीसह आणा.

सामानाबद्दल आयांना समजावणं कठीण असतं, पण सांगून पाहा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवायचं. हापूस आणि ताजा कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. डाळ-तांदूळ आणू नका, इथे सगळं मिळतं. गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, लसणाची चटणी आणि ज्याचं बूड इंडक्शनवर चालतं असा तीन लिटरचा कुकर एवढं मात्र जरूर आणा.

खोली शोधताना भाड्याआधी विचारायचा प्रश्न

घराचा तुटवडा खराखुरा आहे. खोली हातात नसताना ‘जाऊन बघू’ म्हणत विमानात बसू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

डेल्फ्टमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्यांची मोठी संस्था म्हणजे डूवो. विद्यापीठामार्फत परदेशी नवागतांसाठी काही खोल्या राखीव असतात. त्यांचे अर्ज सुरू झाले की त्याच दिवशी भरा. बाकी खोल्या ‘रूम’ या संकेतस्थळावरून मिळतात, आणि तिथे तुमची प्रतीक्षा नाव नोंदवल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून प्रवेश नक्की होताच तिथेही नाव घाला, पहिल्या वर्षाची सोय झाली असली तरी. राखीव खोलीचा करार ठरावीक मुदतीचा असतो, आणि ती मुदत संपताना हेच जमलेले महिने उपयोगी पडतात.

खाजगी खोली बघत असाल तर घरमालकाला पहिला प्रश्न हा विचारा: या पत्त्यावर माझी नगरपालिकेत नोंदणी होईल ना? उत्तर ‘नाही’ किंवा ‘नंतर बघू’ असेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. अशा पत्त्यावर राहून पुढची सगळी साखळी तुटते.

फसवणुकीचा नमुना ठरलेला आहे. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक ‘सध्या परदेशात’, आणि किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणून आधी पैसे भरा. एक पैसाही देऊ नका. तुम्हाला येता येत नसेल तर इथल्या कुणाला तरी खोली बघायला पाठवा. आपली मुलं अशा कामाला नाही म्हणत नाहीत. कायद्याने १ जुलै २०२३ नंतरच्या करारात अनामत रक्कम मूळ भाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. भाडं अवाच्या सवा वाटलं तर हुरकमिसी नावाचं भाडे-मंडळ आहे, तिथे दाद मागता येते.

‘विनाफर्निचर’ याचा अर्थ इथे फार शब्दशः घेतात. बऱ्याचदा जमिनीवर आच्छादनसुद्धा नसतं, नुसतं सिमेंट. म्हणून आधी विचारून घ्या.

डच मुलांच्या घरात खोली हवी असेल तर मुलाखतीची संध्याकाळ असते. सगळे उमेदवार एकत्र बसतात आणि घरातले लोक आपल्याला कोण आवडलं ते ठरवतात. तिथे गुण-पदव्या सांगून उपयोग नाही. मी रविवारी सगळ्यांसाठी जेवण करीन, मला रात्री बॅडमिंटन खेळायला आवडतं, असं काही खरं असेल ते सांगा.

पहिला आठवडा

स्किपोल विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे. डेल्फ्टला थेट गाडी मिळते, साधारण पाऊण तास लागतो. प्लॅटफॉर्मवर जाताना कार्ड टेकवून चेक-इन करायचं आणि उतरल्यावर चेक-आउट. तुमचं भारतीय डेबिट किंवा क्रेडिट कार्ड संपर्करहित आणि परदेशात चालू असेल तर त्यावरही हे होतं. चेक-आउट विसरलात तर प्रवासापेक्षा बरेच जास्त पैसे कापले जातात.

नगरपालिकेची अपॉइंटमेंट भारतात असतानाच घ्या. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांच्या आत नोंदणीसाठी कळवायचं असतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रांग लांब असते. पासपोर्ट, भाडेकरार, जन्मदाखला, सगळं मूळ स्वरूपात न्या. बीएसएन मिळाला की त्याच दिवशी डिजिडी या सरकारी खात्यासाठी अर्ज करा. त्याचा सक्रिय करण्याचा कोड टपालाने घरी येतो. म्हणून घराच्या टपालपेटीवर आपलं नाव आहे का बघा. नसेल तर चिठ्ठी चिकटवा. या देशात सरकार अजून कागदी पत्रं पाठवतं, तीही डच भाषेत. एकही पत्र न वाचता बाजूला ठेवू नका. फोनवर भाषांतर करा आणि शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

निवास परवान्याचं कार्ड आयएनडीच्या कार्यालयातून घ्यायचं, त्याचीही वेळ ठरवावी लागते. भारतीयांना क्षयरोगाची तपासणी करावी लागते. ती जीजीडी या सार्वजनिक आरोग्य सेवेत होते आणि तीन महिन्यांच्या आत उरकायची असते. छातीचा एक एक्स-रे, बाकी काही नाही.

बँक खात्यासाठी आयएनजी, एबीएन ॲम्रो, राबोबँक, बंक यांपैकी कुठलीही चालेल. खातं हातात आलं की आयडील नावाची ऑनलाइन पैसे भरायची पद्धत चालू होते, आणि टिक्कीही. टिक्की म्हणजे वाटणीचे पैसे मागणारी लिंक. कुणी कॉफीचे दोन युरो मागितले तर मनाला लावून घेऊ नका. इथे हिशेब चुकता करणं ही मैत्रीतली स्वच्छता मानतात, तुम्हीही बिनधास्त लिंक पाठवा.

सायकल

सायकलीवाचून डेल्फ्टमध्ये राहता येत नाही. महिन्याच्या भाड्याने हवी असेल तर निळ्या पुढच्या टायरची स्वॅपफीट्स आहे. ती कंपनी २०१४ मध्ये डेल्फ्टच्याच विद्यार्थ्यांनी सुरू केली. बिघडली की तेच दुरुस्त करून देतात. सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातून पावतीसकट घ्या. स्टेशनबाहेर कुणी वीस युरोंत सायकल देतो म्हणाला तर ती चोरीची असते, आणि घेणाराही गुन्हेगार ठरतो.

उंचीचं बघा. डच सायकली उंच असतात. साधारण पाच-फूट-दोनच्या मुलींनी सरळ सव्वीस इंची चाकाची मोठ्या मुलांची सायकल घ्यावी. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, दुकानदार काहीही म्हणो. अनेक सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पॅडल उलटं मारलं की सायकल थांबते. आपल्याला थांबताना पॅडल मागे फिरवायची सवय असते, त्यामुळे पहिले दोन दिवस रिकाम्या रस्त्यावर सराव करा.

मग नियम. वाहतूक उजवीकडून चालते, आणि हे डोक्याला कळलं तरी वळताना हात जुन्या सवयीने डावीकडे ओढतात. वळण्याआधी हात दाखवायचा. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील, तर थांबणारे तुम्ही. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, आणि १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. दोन्हींचा दंड तुमच्या आठवड्याच्या किराण्याएवढा सहज होतो. ट्रामचे रूळ तिरके ओलांडू नका. चाक आत अडकतं आणि माणूस आपटतो. शक्य तितकं काटकोनात जा.

दोन कुलुपं वापरा, त्यातली साखळी खांबाला किंवा स्टँडला अडकवा. स्टेशनवर भुयारी सायकलतळ आहे, तिथेच ठेवा. भलतीकडे लावलेली सायकल नगरपालिका उचलून नेते.

आजारी पडण्याआधी डॉक्टर

इथे थेट स्पेशालिस्टकडे किंवा हॉस्पिटलात जाता येत नाही. आधी हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, आणि त्याच्याकडे नाव तुम्ही धडधाकट असतानाच नोंदवायचं. ताप आल्यावर डॉक्टर शोधायला निघालात तर ‘नवे पेशंट घेत नाही’ असं ऐकावं लागेल.

फोन केल्यावर मदतनीस बरेच प्रश्न विचारते, त्यावरून तुमची निकड ठरते. ‘बरं वाटत नाही’ म्हणू नका. किती दिवस, ताप किती, काय खाता येतं, कुठली गोळी घेतली, हे आकड्यांत सांगा. थर्मामीटर जवळ ठेवा. साध्या तापाला पॅरासिटामोल आणि विश्रांती सांगतात, अँटिबायोटिक सहज देत नाहीत. आपल्याकडच्या सवयीमुळे हे दुर्लक्ष वाटतं, पण ते वैद्यकीय धोरण आहे. मात्र त्रास वाढला तर पुन्हा फोन करा आणि ठामपणे सांगा. रात्री आणि शनिवार-रविवारी हाउसआर्टसेनपोस्ट असतं, जिवावरचं असेल तर ११२.

विम्यात एक वळण आहे, त्यात मुलं अडकतात. नुसतं शिकत असाल तर विद्यार्थ्यांसाठीचा खाजगी विमा पुरतो. पगारी नोकरी लागली, आठवड्यात काही तासांची का असेना, की डच मूळ विमा घ्यावाच लागतो. न घेतल्यास दंडाचं पत्र येतं. या डच विम्यात वर्षाला उपचारांचे पहिले ३८५ युरो तुमच्या खिशातून जातात, पण हाउसआर्ट्सची भेट त्यात मोजत नाहीत. उत्पन्न कमी असल्यामुळे सरकारकडून झोर्गटूस्लाख हा मासिक भत्ताही मिळतो. डिजिडीने करखात्याकडे अर्ज करायचा.

कामाची मर्यादा आठवड्याला १६ तास, किंवा त्याऐवजी जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. परवाना मालकाने काढायचा असतो. परवान्याशिवाय रोखीत काम देणाऱ्यांच्या नादी लागू नका, निवास परवाना धोक्यात येतो.

स्वयंपाक आणि बाजार

रोजचं सामान आल्बर्ट हाइन, यम्बो किंवा लिडलमध्ये. लिडल सगळ्यांत परवडतं. नळाचं पाणी पिण्याचं, बाटल्या विकत घेऊ नका. घेतलीच तर छोट्या बाटलीवर आणि कॅनवर १५ सेंट, मोठ्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

इथलं कार्नमेल्क म्हणजे ताक, आणि ते चांगलं असतं. जिरं, हिंग, मीठ, कोथिंबीर घातली की मठ्ठा झाला. क्वार्क नावाचा दह्याचा घट्ट प्रकार फडक्यात बांधून रात्रभर ठेवला की पाडव्याला उत्तम श्रीखंड होतं. शाकाहारी असाल तर चीजची पाटी वाचा. पारंपरिक डच चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट असतं. काही डेझर्ट आणि गोळ्यांत जिलेटिन असतं.

फोडणी जपून करा. विद्यार्थ्यांच्या इमारतीत धूरसूचक यंत्रं फार तिखट असतात. मिरची तडतडायच्या आधी खिडकी उघडा, पंखा चालू करा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. तेल आपल्यापेक्षा कमी तापवायचं, मोहरी उडाली की लगेच आच बंद, मिरच्या आणि हिंग नंतर. इंडक्शनवर उष्णता झटकन चढते, त्यामुळे हे सगळं सेकंदांत करावं लागतं.

गुरुवारी डेल्फ्टच्या मार्क्ट चौकात, न्यूवे कर्कच्या उंच मनोऱ्याखाली आठवडी बाजार भरतो. भाजी ताजी असते. पण खरी खरेदी हेगला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवारी हागसे मार्क्ट हा प्रचंड उघडा बाजार असतो. तिथे कारली, भेंडी, चवळीच्या शेंगा, ओला नारळ, कोथिंबिरीच्या भल्या मोठ्या जुड्या मिळतात. संध्याकाळी आवरताना भाव पडतात, एका युरोला ताटभर भाजी देतात. जवळच पॉल क्रूगरलान या रस्त्यावर दुकानांची लांब ओळ आहे, आणि तिथे कणीक, तूरडाळ, पोहे, पूजेचं सामान, अगदी निरांजनंही मिळतात.

ही दुकानं सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची. १८७३ साली ‘लल्ला रूख’ या पहिल्या जहाजापासून सुरुवात होऊन कलकत्त्याहून त्यांचे पूर्वज मजूर म्हणून सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत नेले गेले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांतले हजारो जण इथे आले. त्यांची सरनामी बोली भोजपुरी वळणाची आहे. एका दुकानातल्या आजींनी मला पहिल्यांदा ‘बेटी, का चाही?’ असं विचारलं तेव्हा मी हिंदीत उत्तर दिलं. त्यांनी वजन करता करता माझ्या पिशवीत दोन हिरव्या मिरच्या जास्तीच्या टाकल्या आणि तांदूळ भिजवून कसा ठेवायचा ते सांगितलं. या लोकांशी बोला. त्यांचा भारत आपल्याहून निराळा आणि दीडशे वर्षं जपलेला आहे, आणि विद्यापीठाच्या आवारात बसून तो कधीच भेटणार नाही. त्यांच्याकडचा ‘बारा’ हा तळलेला पदार्थ आपल्या वड्याच्या जवळचा, तिखट चटणीबरोबर देतात. आधी तोच खा.

वर्गात आणि वर्गाबाहेर

गुण दहापैकी असतात. सहा म्हणजे पास, आठ म्हणजे फार छान, दहा जवळजवळ कुणालाच नाही. सात मिळाले म्हणून आईबाबांना फोन करून रडू नका. एक श्रेयांक म्हणजे २८ तासांचं काम, वर्षाला ६० श्रेयांक. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात किमान निम्मे मिळवावे लागतात, नाहीतर विद्यापीठाला आयएनडीला कळवावं लागतं. अडचण आली, आजारपण, घरचं काही, मनाचं काही, तर ताबडतोब स्टडी ॲडव्हायझरला भेटा. योग्य कारण वेळेवर नोंदलेलं असेल तर सूट मिळते.

प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. तेही तुमच्या कामाबद्दल ‘हे चुकलंय’ असं तोंडावर सांगतात, आणि नंतर तुमच्याबरोबर निवांत कॉफी पितात. तुम्हालाही असहमती दाखवता आली पाहिजे, गप्प बसणाऱ्याला काही समजलं नाही असं धरतात.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. पहिल्या हिवाळ्यात मन उतरतं, हे बहुतेकांचं होतं. दिवसा उजेड असेल तेव्हा बाहेर पडा, अर्धा तास का होईना. संध्याकाळी खोलीत एकटं बसू नका. खेळाच्या केंद्रात एखादा वर्ग लावा, शुक्रवारी चौघांनी मिळून खिचडी करा. घरी फोन करताना वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन, हे आजीला आधी सांगून ठेवा. गणपतीत वेगवेगळ्या शहरांतली मराठी माणसं एकत्र येतात, तिथे जरूर जा.

२७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस. त्या दिवशी सगळा देश रस्त्यावर जुन्या वस्तू विकतो. कढया, दिवे, कोट, पुस्तकशेल्फ मातीमोल भावात मिळतात, सकाळी लवकर जा.

हिवाळा संपत आला की नगरपालिकेचा आणि जलमंडळाचा कर भरायचं पत्र येऊ शकतं. रक्कम बघून दचकू नका. उत्पन्न कमी असलेल्याला माफी मिळते, पण ती मागावी लागते. पत्रातच अर्जाचा मार्ग दिलेला असतो, मुदतीआधी भरा.

आणि शिक्षण संपल्यावर थांबायचं असेल, तर एक वर्षाचा नोकरी शोधण्याचा परवाना मिळतो. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि त्या वर्षात काम करायला मालकाला वेगळी परवानगी काढावी लागत नाही. मात्र विद्यार्थी परवान्याची तारीख संपायच्या आधी अर्ज केलात तर मध्ये खंड पडत नाही. परत जाणार असाल तर निघण्याच्या पाच दिवस आधीपासून नगरपालिकेत नाव कमी करता येतं. ते करा, विमा बंद करा, आणि अनामत परत मिळेपर्यंत इथलं बँक खातं चालू ठेवा.